आकडीसाठी गाऱ्हाणं

"आई, अजून फिट आली नाही गं," मृणाली फोनवर म्हणाली. मी इकडं कान आणि खांदा यांच्यात फोन धरून बिडाच्या तव्यावर घावन घालत होते. म्हटलं, "पावली गो बाय, देवी पावली!" तर पलीकडून हुंदकाच ऐकू आला. मला वाटलं आनंदानं रडते, म्हणून मीही डोळ्याला पदर लावला. वीस वर्षांवर झाली पोरीला आकडी येते, तपासणीला म्हणून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलीय, तिथं आठवडा होत आला आणि एकदाही आली नाही, मग आईनं आणखी काय म्हणायचं? पण ती म्हणाली, "तुला कळत कसं नाही? फिट यायलाच हवी. त्याच्यासाठीच मला इथं ठेवलंय. गोळ्यासुद्धा बंद केल्यात." गोळ्या बंद! मी उलथनं हातात घेऊन तशीच उभी. आजवर ज्या गोळ्या मी भर पावसात, बंदच्या दिवशी, औषधवाल्याच्या घरची कडी वाजवून आणल्या, त्या ह्या लोकांनी मुद्दाम बंद केल्या, आणि माझी शिकलेली पोर ते मला आज सांगते. टपरीवर माझ्या जोडीला असते ती मालन शेजारी चटणी वाटत होती, ती ओरडली, "सगुणा, घावन!" करपलं होतं. आमच्या टपरीवर घावन करपत नाही. मी ते काढून बाजूला टाकलं आणि मालनच्या हातात उलथनं देऊन मागच्या बाकड्यावर जाऊन बसले.

आमची टपरी रत्नागिरीच्या एसटी स्टँडच्या फाटकासमोर आहे. जागा मी मुद्दाम इथं घेतली. मारुती मंदिराकडं गिऱ्हाईक जास्त, तिकडं जा, असं सगळे सांगत होते, पण तिकडं स्टँडचा भोंगा ऐकू येत नाही. मृणाली स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसते आणि गाड्या पुकारते. दिवसभर तिचा आवाज माझ्या डोक्यावरून जात असतो. लांजा, राजापूर, गणपतीपुळे, मालगुंड. लोकांना वाटतं, म्हातारी काय कौतुकानं लेकीचा आवाज ऐकते! कौतुक कसलं डोंबल. मी पहारा करते. वाक्य पुरं झालं की मी श्वास सोडते. गाडीचं नाव घेऊन मध्येच आवाज थांबला, की मी हातातलं पीठ तसंच घेऊन रस्ता ओलांडून धावते. एकदा तर थांबलाही नाही. "केळशी," म्हणाली, "केळशी, केळशी, केळशी," म्हणतच राहिली, एका सुरात, आणि सगळा स्टँड हसायला लागला. एक गृहस्थ दोन बोचकी घेऊन ह्या फलाटावरून त्या फलाटावर केळशीची गाडी शोधत फिरत होते. मी खिडकीशी पोचले तेव्हा ती माईकसमोर बसून ओठ चघळत होती, डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत मी नव्हते, कुणीच नव्हतं. मी माईक बंद केला. तिच्या साहेबांना सांगितलं, चक्कर आली, सकाळपासून खाल्लं नाही पोरीनं. आमच्या घरात आकडी हा शब्द घरातच राहतो, बाहेर चक्कर. ती मुंबईला गेल्यापासून कुणी एक पुरुष पुकारतो, घोगरा आवाज, वाक्याच्या मध्ये खोकतो मेला, आणि प्रत्येक खोकल्याला माझा जीव वरखाली होतो. लेक तिथं नाही हे ठाऊक असून होतो. सवय झाली की कान तुमचं ऐकत नाहीत.

थोड्या वेळानं शुभंकरचा फोन आला. शुभंकर माझा जावई, वीजमंडळात असतो, स्वभावानं गरीब, पण एक गोष्ट समजावायला घेतली की शेवटपर्यंत नेल्याशिवाय सोडत नाही. म्हणाला, "आई, तुम्हाला आधी सांगितलं नाही, चुकलं. सांगितलं असतं तर तुम्ही तिला पाठवलंच नसतं." ते खरंच होतं. मग त्यानं सांगितलं. मेंदूत एखादीच जागा बिघडलेली असते, झटका तिथनं सुरू होतो आणि मग पसरतो. एरवी ती जागा इतर जागांसारखीच दिसते. आधीच्या फोटोत दोन ठिकाणी संशय आहे, एक डावीकडं, एक उजवीकडं. पण झटका सुरू होतो तेव्हा ती जागा वेड्यासारखी काम करायला लागते, तिला रक्त जास्त लागतं, आणि रक्त तिकडं धावतं. त्याच घटकेला हातातल्या नळीतून औषध टोचलं, तर औषध रक्ताबरोबर जातं आणि जिथं रक्त जास्त धावलं तिथं जास्त साचून बसतं. मग झटका गेला, पोर शुद्धीवर आली, की सावकाश मशिनखाली न्यायचं. औषध बसलेलंच असतं, मशिनला दिसतं. "लाइनवर फॉल्ट येतो तेव्हाच सापडतो ना आई, तसंच," तो म्हणाला. औषधातून किरणं निघतात, म्हणून सिस्टर रोज सकाळी जाड शिशाच्या डबीत सुई घेऊन खाटेशी बसते. औषध सकाळी बनवतात, दुपारपर्यंत त्यात जोर असतो, मग ते मरतं आणि टाकून देतात. रोज टाकतायत. मृणालीला झोपू देत नाहीत, गोळ्या नाहीत, तरी काही नाही. शुक्रवारी दुपारी खाट सोडायची, मागे लोक थांबलेत, पुढचा नंबर कधी लागेल देव जाणे. मी विचारलं, "आणि जागा सापडली तर?" तर म्हणाला, "उजवीकडं असली तर काढता येते. फिट कायमच्या थांबायची आशा चांगली आहे, असं डॉक्टर म्हणतात. डावीकडं तिची वाचा आहे. तिथं निघाली तर हात लावणार नाहीत." "पण ती आकडीत बोलते ना रे? ते केळशी केळशी?" "त्यामुळंच डॉक्टर म्हणतात की कदाचित उजवीकडं असेल. पण कदाचितवर कवटी उघडत नाहीत, आई."

मी फोन ठेवला आणि बाकड्यावर बसून राहिले. समोर गाड्या येत होत्या, जात होत्या. माझ्या डोळ्यांपुढं मात्र माहेरची पोफळीची बाग आली. लहानपणी पाटाचं पाणी वळवायचं काम माझ्याकडं असायचं. एका आळ्याचा बांध फुटला की सगळं पाणी खळखळत तिकडंच ओढलं जायचं, बाकीची झाडं कोरडी, आणि फुटलं कुठं ते बघायचं तर पाण्यामागून जायचं, दुसरा उपाय नाही. इतकी वर्षं मी पोरीच्या तोंडाकडं बघत होते. ओठ, डोळे, मुठी, सगळं पाठ झालं होतं मला. पण आत काय होतं ते मी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं. मला वाटायचं आत अंधार होतो, दिवे जातात, पोर घरात नसते. आणि इथं हे म्हणतात की त्याच वेळी आत रक्त धावत असतं. मग मला एकदम आठवलं. हे मीच करून ठेवलं होतं. मुंबईला निघायच्या आधीच्या रविवारी, तांदूळ आणायला जाते असं सांगून, मी लांज्याच्या आतल्या माझ्या गावी गेले होते. गावदेवी नवलाईची ओटी भरली, भागोजीला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. भागोजी म्हणजे गावचा मानकरी, देवीशी बोलायचं ते त्याच्या तोंडून. त्यानं खणखणीत आवाजात सांगितलं होतं, मुंबईच्या मुक्कामात ह्या लेकीला आकडीचा वारासुद्धा लागू देऊ नको, आणि देवळातल्या सगळ्यांनी "होय महाराजा" म्हटलं होतं. नारळ असा फुटला होता की भागोजी स्वतः म्हणाला, काम झालं. झालंच होतं काम. गोळ्या काढून घेतल्या, झोप काढून घेतली, डॉक्टर सुई घेऊन बसले, आणि नवलाई दारात आडवी उभी, कुणाला आत सोडत नाही.

आता हसू नका. मी काही देवभोळी नाही. गोळी मी एक दिवस चुकवली नाही, अंगारा लावा, गोळी सोडा म्हणणाऱ्या बायांना मी उंबऱ्यावरून परतवून लावलंय. पण गोळी एका हाताला असली तर दुसऱ्या हाताला कुणीतरी नको? मालनला मी सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आकडी हा शब्द वापरून. तिनं चटणीचा हात धुतला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मला माहीत होतं गो. सगळ्यांना माहीत आहे. तू चक्कर म्हणतेस म्हणून आम्ही पण चक्कर म्हणतो." मी तिच्यावरच चिडले. म्हटलं, माहीत होतं तर इतकी वर्षं बोलली का नाहीस, भवाने? ती म्हणाली, "लांज्याची गाडी लागलीय. भांडायचं ते उद्या भांड."

गाडीत खिडकीशी बसले. ऊन कातळावरून उलटून तोंडावर येत होतं. हातखंब्यापर्यंत मी स्वतःशी हिशेब जुळवत होते, की देवीला सांगायचं तरी काय. कुठली आई असं मागते? पहिली आकडी आली तेव्हा मृणाली शाळकरी होती. तिचे वडील बोटीवर, कुठल्या समुद्रात कोण जाणे. आम्ही दोघी अंगणात आमसुलं उलटी करत होतो. तिचा हात हवेत राहिला. बोटं लाल, ओठांवर हसू. मला वाटलं सोंग करते, मी म्हटलं, थेरं पुरे, हात चालव. तर ती बाजूला कलंडली आणि त्या लाल बोटांनी हवा ओढायला लागली. शेजारणीनं कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल आणली. माझ्या लेकीच्या नाकाला कुणीतरी चप्पल लावली आणि मी लावू दिली. मग डॉक्टर, गोळ्या, पुन्हा डॉक्टर. त्या दिवसापासून मी जे मागितलं ते एकच मागितलं, येऊ देऊ नको. सकाळी तुळशीला पाणी घालताना, पीठ आंबवताना, एसटीत बसताना. दुसरं काही मागितलेलं मला आठवतसुद्धा नाही. मृणालीचं लग्न जमलं तेव्हा मी तिला शपथ घातली होती, आधी सांगू नको. तिनं भाट्याला समुद्राच्या पुळणीवर शुभंकरला नेऊन सगळं सांगितलं आणि घरी येऊन मला म्हणाली, सांगितलं. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी शुभंकर आला आणि म्हणाला, "मला दमा आहे, आई. तुम्हीही विचार करा." असला हा जावई. आता तो तिथं तिच्या खाटेशी बसून तिला आकडी यावी म्हणून वाट बघत होता, आणि तिच्यावर माझ्याइतकाच जीव होता त्याचा. हे मला त्या गाडीत, पाली गेल्यावर कळलं. मग मला जरा बळ आलं.

देवळात दुपारची सावली होती. दोघेतिघे म्हातारे पत्ते कुटत होते. भागोजी खांबाला टेकून बसला होता, त्याची बायको हौसा दिव्याच्या वाती वळत होती. मी सगळं सांगितलं. भागोजीनं ऐकून घेतलं आणि कानांना हात लावले. "सगुणाबाय, काय बोलतंस तू? देवीकडं आकडी मागू? ह्या तोंडानं? बापजाद्यांनी कधी वायट मागितलं नाय हितं."

"वाईट कुठं मागतोस? एकदा यायला हवी, म्हणजे कायमची जाईल."

"मंग कौल लावूया. देवीलाच इचारू."

"कौल नको," मी म्हटलं. "नाही म्हणाली तर मी काय करू? मी विचारायला आलेली नाही, सांगायला आले आहे."

हौसा वातीवरून मान वर करून म्हणाली, "घाल रे गाऱ्हाणं. बाय उन्हातून आलीय." तिनं सांगितल्यावर त्याचं काही चालत नाही. त्यानं पत्तेवाल्यांना उठवलं, हात जोडले, घसा साफ केला. "हे आई नवलाई, बारा वाड्यांची मालकीण, आज तुझी माहेरवाशीण सगुणा तुझ्या पायाशी आली हाय. तिची लेक मुंबयला हाय. तर आई, त्या लेकीची जी काय ईडापीडा असंल, ती दूर करून..."

"होय महाराजा!" म्हातारे ओरडले.

"अरे गप, मेल्यांनो!" मी ओरडले. "दूर काय करतोस? आण म्हण, आण!"

भागोजीनं जीभ चावली. पुन्हा हात जोडले. पुन्हा सगळं पहिल्यापासून, बारा वाड्या, माहेरवाशीण, मुंबय. आणि मग आवाज चढला, सवयीनं मान हलायला लागली, "चुकलंमाकलं पदरात घे, वाकडं असंल तां सरळ कर, संकट येत असंल तर वाटेतल्या वाटेत परतव..."

"होय महाराजा!"

हौसाला हसू आवरेना. तिनं तोंडात पदर कोंबला. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. ह्या माणसाच्या जिभेला आजवर एकच वाट माहीत, ती दुसरीकडं वळणार कशी? त्याचं काही चुकत नव्हतं. माझीसुद्धा जीभ तीच. भागोजी घाम पुसत म्हणाला, "माझ्यानं होत नाय बाय. तूच सांग तिला."

मग मी पुढं झाले. आमच्याकडं बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, पण तेव्हा ते कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. मी काही सूरबीर लावला नाही. म्हटलं, "आई, त्या रविवारी मी मागितलं ते मी परत घेते. मला कळलं नव्हतं. तू शब्द पाळलास, तुझा काही दोष नाही. आता दार सोड. एकदाच येऊ दे तिला. सकाळची येऊ दे, दुपारनंतर नको, दुपारी औषध मरतं. सिस्टर जवळ असताना येऊ दे, ती चहाला गेली असताना नको. खाटेवर असताना येऊ दे, न्हाणीघरात नको, लादीवर पडेल माझी पोर. तिला काही कळू देऊ नको. जीभ चावू देऊ नको. आणि उजवीकडून निघू दे, आई. डावीकडून नको. ती गाड्या पुकारते, मी तिचा आवाज ऐकून दिवस काढते, तो मला ठेव. रक्त जिथं धावायचं तिथं धावू दे, लोकांना एकदा ती जागा दिसू दे. दिसली की मग त्या आकडीला बाहेर काढ, आणि पुन्हा कधी माझ्या दारात उभी करू नको." मी उंबऱ्याला डोकं टेकलं. बाहेर एक कोंबडा उगाच आरवला. मग भागोजी हळूच म्हणाला, "होय महाराजा," आणि त्याच्या मागून म्हाताऱ्यांनी म्हटलं, ओरडून नव्हे, घरात बोलतात तसं.

परतीच्या गाडीत मला माझीच भीती वाटली. आपण काय मागून आलो! समजा आली आणि थांबलीच नाही तर? गोळ्या नाहीत अंगात. समजा एकामागून एक यायला लागल्या तर? गुरुवारी सकाळी टपरीवर उभी होते, पण पीठ पातळ होत होतं, मीठ दोनदा पडत होतं. मालननं मला तव्यापासून हटवून नारळ खवायला बसवलं. नारळ खवताना मला वाटे, आता. आता आली असेल. आणि जिवाचं पाणी होई. मग वाटे, नसेल आली, आणि त्याचंही वाईट वाटे. एका मनात दोन्ही एकदम कशी राहतात कोण जाणे. एका मनानं मी विळीवरून उठून धावायला निघालेली असायची, लेकीला कुशीवर वळवायला, आणि दुसरं मन म्हणायचं, बस खाली, येऊ दे तिला, आडवी येऊ नकोस. मला पहिल्यांदा कळलं की पहारा करणं मला येत होतं, नुसतं वाट बघणं येत नव्हतं. दुपारी शुभंकरचा निरोप आला, आजही नाही, औषध टाकलं. मी नवलाईवर भडकले. म्हटलं, रविवारचं बरं लगेच ऐकलंस.

शुक्रवारी सकाळी मी फोन मालनकडं दिला. म्हटलं, वाजला तर तूच घे, माझ्यानं होणार नाही. गिऱ्हाइकांची गर्दी होती, बँकेतले दोघे, मालगुंडला जाणाऱ्या मास्तरीणबाई, नेहमीची माणसं. फोन वाजला. मालननं ऐकलं, काही न बोलता माझ्या कानाला लावला. शुभंकरचा श्वास लागला होता. "आई, आली."

मी विचारलं, "सुई?"

"वेळेवर. अगदी वेळेवर. ती सिस्टरला तुमची चटणी कशी करायची ते सांगत होती. खोबरं म्हणाली, आणि मग खोबरं, खोबरं, खोबरं असं सुरू झालं. सिस्टरला मराठी धड येत नाही, पण तिनं तोंडाकडं बघितलं आणि सुई दिली. आता शुद्धीवर आहे. मलाच विचारते, फिट आली का म्हणून."

मी मालनला मिठी मारली, पिठाच्या हातांनी. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पोरीला आकडी आली आणि मला आनंद झाला. आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ असं रडू फुटलं की मी टपरीच्या मागं जाऊन पाण्याच्या पिंपाला धरून उभी राहिले. मी तिथं नव्हते. इतक्या वर्षांत ही पहिली आकडी, जिच्यात मी धावत तिच्यापाशी पोचले नव्हते. कुणा परमुलखाच्या पोरीनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि ओळखलं. बरं झालं. खरंच बरं झालं. मी नसतानाही कुणीतरी ओळखेल, एवढं मला ठाऊक असतं तर मी थोडी तरी झोपले असते. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, असा संध्याकाळी निरोप आला. शांत असतानाचा आणखी एक फोटो काढून दोन्ही एकावर एक ठेवून बघणार होते, म्हणून खाट सोमवारपर्यंत मिळाली. शनिवार, रविवार मी काय केलं ते विचारू नका. डावीकडं की उजवीकडं, एवढंच. जेवताना माझा उजवा हात बघून मला बरं वाटे आणि डाव्या हाताचा राग येई.

सोमवारी सकाळी फोनवर फोटो आला. करड्या रंगाचं, आक्रोडासारखं काहीतरी, आणि त्यात लाल ठिपका. एवढासा. कुंकवाचं बोट लागावं तेवढा. इतक्या वर्षांचं सगळं त्या एवढ्याशा जागेतून निघत होतं. आमसुलांच्या दिवसापासूनचं, ती चप्पल, ते केळशी, त्या शपथा, माझी ही टपरी. मी बोटानं मोठं करून बघितलं, आणि मग माझ्या ध्यानात आलं की ठिपका डावीकडं आहे. फोटोच्या डाव्या अंगाला, सरळ, लख्ख. भोंग्यावर तो घोगरा माणूस खोकला. मी मनात म्हटलं, झालं, आवाज गेला. मी शुभंकरला फोन लावला आणि नुसतं म्हटलं, "डावीकडं रे."

"नाही नाही, आई!" तो ओरडलाच. "अहो, डॉक्टरांचे फोटो समोरून बघायचे असतात. ती तुमच्यासमोर तोंड करून बसलीय असं धरा. तुमच्या डाव्या हाताला तिची उजवी बाजू. उजवीकडं आहे, आई! एकच जागा, आणि उजवीकडं. डॉक्टर आत्ताच सांगून गेल्या. ऑपरेशन करता येईल. खात्री कुणी देत नाही, पण त्या हसत होत्या."

मी पुन्हा फोटो बघितला. ती माझ्यासमोर बसली आहे असं धरलं. आणि खरंच बसली की ती, माझ्याकडं तोंड करून, ठिपका तिच्या उजवीकडं. देवीसमोर कौलाला बसतो, फूल कुठल्या अंगाला पडतं ते बघतो, तेव्हा असंच तर असतं, तिचा उजवा तो आपला डावा, लहान पोरालासुद्धा ठाऊक असतं, आणि मी घाबरून सगळं विसरले होते. मग मृणाली फोनवर आली. आवाज जड होता, जीभ थोडी चावली गेली होती. एवढं सांगूनही नवलाईनं ते राखलं नाही. "आई," ती म्हणाली, "बघितलीस?" मी म्हटलं, "बघितली गो बाय. केवढीशी आहे." ती हसली, मीही हसले.

फोन ठेवून वळले तर समोर गिऱ्हाइकं ताटल्या धरून उभी, तव्यावर काही नाही, आणि मालन सगळ्यांसमोर रडतेय. बँकेतला तो चष्मेवाला मला म्हणाला, "काय झालं मावशी? मृणालीताईंना पुन्हा चक्कर आली का?"

"चक्कर नाही," मी म्हटलं, रस्त्यापलीकडं स्टँडवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "आकडी येते माझ्या लेकीला. लहानपणापासून येते. ताटली ठेव ती, आणि ये इकडं, तुला दाखवते कुठून येते ती."